एका मण्याची जागा

मी शाळेतली मण्यांची चौकट बोलतेय, आणि आज मला घाई आहे. एरवी माझ्यासारख्या वस्तूनं जन्मापासून सुरुवात करून सावकाश, गोडीगुलाबीनं बोलायचं असतं. पण आत्ताच एक म्हातारी या वर्गाच्या दारातून बाहेर पडली आहे. मालुबाई तिचं नाव. माझ्याकडे बघून तिनं एक खोटी गोष्ट खरी मानली आहे आणि तीच उराशी धरून ती चालली आहे. ती एकदा बेळगावच्या मोटारीत बसली की या गावात परत यायची नाही.

तिला कुणीतरी हाक मारा हो. मला तोंड नाही, नुसते मणी आहेत. तिला काय सांगायचं ते तुम्हाला कळावं म्हणून थोडं मागं जाते. माझं बोलणं ऐका, पण वाटेकडेही लक्ष असू द्या.

माझे मणी गोकाकचे. तिथं लाकडाची फळं, पाखरं, खेळणी घडवणारी माणसं आहेत. त्यांतल्या एकानं हलक्या पांढऱ्या लाकडाला कातावर, म्हणजे लाकूड गरगरा फिरवणाऱ्या यंत्रावर, धरून माझा एकेक मणी पाडला, फिरत्या मण्यावर लाखेची कांडी टेकवली आणि केतकीच्या पानानं घासून त्याला चकाकी आणली. तो कानडीत मोजायचा. ओंदु, एरडु, मूरु. म्हणजे आकडे मी पहिल्यांदा कानडीत ऐकले. पुढे मराठीत ऐकले, एकदा शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांच्या तोंडून इंग्रजीतही ऐकले. मणी तेवढेच राहिले.

माझी लाकडी चौकट बेळगावच्या सुतारानं केली. दहा तारा, तारेवर दहा मणी. वरची तार तांबड्या मण्यांची, मग पिवळ्या, मग हिरव्या, आणि खाली पुन्हा तोच क्रम. शंभर म्हणजे शंभर. ‘शंभरेक’ म्हणणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. एक असेल तर तो ‘एक’ कुठं आहे ते दाखवा, नसेल तर गप्प बसा. माझा स्वभावच तसा आहे. तुम्ही मला खडूस म्हणा, माझी हरकत नाही.

निपाणीपासून बैलगाडीच्या वाटेवर, तंबाखूच्या मळ्यांमधलं हे गाव. इथं बोर्डानं बिगरीचा वर्ग काढला होता. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीची, शेंबडी, नुकती चालायला-बोलायला लागलेली पोरं. वर्ग मारुतीच्या देवळाला लागूनच्या खोलीत भरायचा. मला खिडकीत ठेवलं होतं. खिडकीतून देवळाचं सगळं आवार दिसायचं, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला बसल्या जागी कळायचं.

वर्गाच्या बाई होत्या नागुबाई. चिकोडीच्या एका वकिलाच्या घरातली ही सून. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सासऱ्यांचा विरोध पत्करून बेळगावला जाऊन शिकली आणि इथं मास्तरीण होऊन आली. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. पोरांची नाकं स्वतःच्या पदरानं पुसायची आणि मग तोच पदर बघून स्वतःवरच वैतागायची. गावातल्या बायका तिला ‘बाई’ म्हणायच्या आणि मागून हसायच्याही. पण पोरं तिच्याकडं सोडायच्या, कारण मळ्यात नाहीतर तंबाखूच्या वखारीत जायचं तर पोर कुठं ठेवायचं हा प्रश्न सुटायचा.

या पोरांत रवळू होता, मालुबाईचा. त्याच्याविषयी मी जरा जास्त बोलेन, तेवढं सांभाळून घ्या. गोल डोक्याचा, पोट पुढं, करदोड्याखेरीज अंगावर फारसं काही नाही. माझे तांबडे मणी त्याला बोरांसारखे दिसायचे. बाईंचं लक्ष चुकवून तो तारेवरच वाकायचा आणि मणी दातानं चावून बघायचा. एका मण्यावर त्याचे दात चांगले उमटले होते. मला राग यायचा, आणि नाहीही यायचा.

“मोज रे, रवळू,” बाई म्हणायच्या.

“लाभ, दोन, तीन, चार…”

“लाभ नव्हे, एक म्हण.”

“आप्पा लाभच म्हणत्यात.”

“आप्पा खळ्यावर धान्य मापतात, म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणतात. हे मणी आहेत.”

“मग मन्याला लाभ नगं व्हय, बाई?”

बाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, “असू दे बाबा. लाभ, दोन, तीन. पुढं चल.” आणि त्या दिवसापासून सगळी बिगरीच पहिल्या मण्याला लाभ म्हणायला लागली. मला तो गबाळेपणा वाटला. मी मनात ‘एक’ म्हणत राहिले.

पण नागुबाईंना एक गोष्ट उमगली होती, ती मोठमोठ्या मास्तरांना उमगत नाही. पोर तोंडानं वीसपर्यंत धडाधड म्हणतं, पण समोर दोन ढीग केले तर जास्त कुठला ते त्याला सांगता येत नाही. चार मोठे बटाटे त्याला सात चिंचोक्यांपेक्षा जास्त वाटतात, कारण बटाटे दिसतात मोठे. म्हणून बाई आकडे बाजूला ठेवायच्या. एका चिंचोक्यासमोर एक बटाटा. दुसऱ्यासमोर दुसरा. जोडी लावत जायचं. ज्या बाजूला जोडीदार न मिळता उरलं, ती बाजू जास्त. आकडा येत नसला तरी चालतं, जोडी लावता आली पाहिजे. पोरांना हा खेळ इतका आवडला की ती दिसेल त्याची जोडी लावत सुटली. चपलेसमोर चप्पल, कावळ्यासमोर कौल.

एके दिवशी बाईंनी पोरांचीच जोडी लावली. एक मुलगा, एक मुलगी, हातात हात. आणि प्रत्येक पोरामागं माझा एकेक मणी सरकवत गेल्या. नेमकी तेव्हा मालुबाई वखारीतून येत होती. हात तंबाखूनं पिवळे झालेले, डोळे चुरचुरणारे. खिडकीतून तिनं बघितलं आणि तशीच आत घुसली.

“बाई! काय करतासा ह्ये?”

“मुलगे जास्त की मुली, ते बघतोय.”

“जित्त्या पोरास्नी मोजतासा? दिष्ट लागंल की!”

“अगं, मोजल्यानं काही होत नाही, मालुबाई.”

“होत न्हाय? माझ्या सासूला इचारा. पलेगाच्या साली सायेब आलता. घराघरातनं डोकी मोजून गेला. म्होरल्या आठवड्यात निम्मी घरं मोकळी झालती. आमी देवाफुडं सुदिक पोरांचा आकडा काढत न्हाय, आन् तुमी मनी वढतासा?”

तिनं रवळूचा हात धरला आणि त्याला ओढत नेलं. त्याची जोडीदार मुलगी हात लांब करून तशीच उभी राहिली.

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, की अगं बाई, प्लेग आधी आला म्हणून साहेब मोजायला आला! मोजण्यात विष नसतं. मी शंभर वेळा शंभर मोजले, माझा एक मणी कधी मेला नाही. मी हसले तिला. सगळ्याच बायकांना हसले. काय ही अडाणी माणसं, म्हणाले.

नागुबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मालुबाईच्या दारात गेल्या. पोरांना मोजणार नाही असा शब्द दिला आणि रवळूला घेऊन आल्या. तो शब्द त्यांनी पाळला. त्यानंतर वर्गात कावळे मोजले, घागरी मोजल्या, पानांच्या जुड्या मोजल्या. पोरांना मोजलं नाही.

मग मानमोडीचं साल आलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी म्हातारी माणसं असली तर त्यांना ते साल विचारू नका. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि दसऱ्याच्या सुमाराला ताप आला. मान मोडून पडायची माणसं, म्हणून मानमोडी. सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी अंथरुणाला खिळलेली. वर्ग बंद झाला. मी खिडकीत राहिले आणि सगळं बघत राहिले.

निपाणीहून एक कंपाउंडर टांग्यानं यायचा. मदत करणाऱ्या मंडळींनी औषधाच्या पुड्या आणि दुधाची घागर देऊन त्याला गावोगाव पाठवलं होतं. तो देवळाच्या आवारात उतरायचा आणि बायका रांगेत यायच्या.

“आजारी पोरं किती?”

“हायत की.”

“हायत म्हणजे किती? आकडा सांग की बाई लवकर. म्होरं आणखी गावं हायत मला.”

“देवानं दिल्यात तेवढी हायत.”

कुणी सांगेना. एकही बाई सांगेना. ज्या वेळी पोरं तापानं फणफणत होती त्याच वेळी त्यांचा आकडा तोंडातून काढायचा, म्हणजे मरणाला दार दाखवायचं, असं त्यांना वाटत होतं. कंपाउंडर वाईट नव्हता, थकलेला होता. त्यानं कंटाळून घरटी एक पुडी आणि दुधाचा एक वाटा द्यायला सुरुवात केली. तो रोज तेवढंच आणायचा आणि तेवढंच वाटून जायचा.

मालुबाईची तिघं पोरं झोपून होती. थोरला परशराम, मधला रवळू आणि धाकटी अक्काताई. नवरा त्याच तापात गेला होता. ती एक पुडी न्यायची, घरी तिचे तीन भाग करायची. वाटीभर दुधाचे तीन भाग करायची.

नागुबाईंनी आवारातच तिला गाठलं. “मालुबाई, तुझी तिघं आजारी आहेत. त्याला तीन सांग. तीन पुड्या मिळतील.”

“न्हाय बाई.”

“अगं, पोरांचा जीव जाईल अशानं!”

“माझ्या तोंडानं आकडा न्हाय निघायचा. त्यो निघाला आन् त्यातलं एकादं गेलं, तर मी काय म्हनू? मीच मोजून दिलं म्हनू?” तिचा आवाज फाटला होता. “तुमास्नी पोर न्हाय, बाई. तुमास्नी न्हाय कळायचं.”

नागुबाई तशाच वळून वर्गात आल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि रडल्या. मोठ्यानं रडल्या. मी एवढी शंभर मण्यांची, पण त्यांच्या उपयोगाचा एक शब्द माझ्याजवळ नव्हता. आकडा माझ्याकडे होता, आणि आकडाच कुणाला नको होता.

रडता रडता त्या थांबल्या. माझ्याकडं बघत बसल्या. मग उठून लोहाराकडून पक्कड घेऊन आल्या आणि माझी पहिली तार उलगडायला लागल्या. मी हादरले. वाटलं, बाईंचं डोकं फिरलं, राग माझ्यावर निघतोय. त्यांनी एकामागून एक तार मोकळी केली, सगळे मणी पदराच्या ओटीत घेतले आणि नुसती लाकडी चौकट खिडकीत ठेवून निघून गेल्या.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. परत आलेल्या मण्यांनी मला ते सांगितलं.

बाई पहिल्यांदा मालुबाईच्याच दारात गेल्या. “आकडा सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “हे मणी घे. जे लेकरू आजारी आहे त्याच्या उशाशी एक मणी ठेव. एका लेकराला एक. बस.”

“आन् त्यो पुड्यावाला?”

“तो मणी बघेल. मण्यामागं एक पुडी, मण्यामागं दुधाचा एक वाटा. तुझ्या पोरांकडं तो बघणारही नाही.”

“मोजायचं न्हाय?”

“तू मोजायचं नाहीस. मी मोजायची नाही. कुणीच तुझी पोरं मोजायची नाहीत.”

मालुबाईनं बराच वेळ ओटीतल्या मण्यांकडं बघितलं. मग हात घातला आणि मणी उचलले. रवळूसाठी तिनं त्याचे दात उमटलेला तांबडा मणी हुडकून काढला.

“ताप उतरला की मणी शाळेत आणून दे,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडं गेल्या.

घराघरातून त्या फिरल्या. शेवटी ओटीत जे मणी उरले, तेवढेच मोजले. उरलेले मोजले, पोरं नाही. दिलेला शब्द मोडला नाही. त्यावरून किती पुड्या लागतील ते निपाणीला कळवलं, आणि त्या दिवसापासून मण्यामागं पुडी यायला लागली. कंपाउंडर दारात येऊन मण्यासमोर पुडी ठेवायचा, मण्यासमोर वाटी. बिगरीतल्या पोरांचा जोडी लावायचा खेळ सगळं गाव खेळत होतं. त्या पुड्यांत काय होतं आणि त्यांनी किती पोरं वाचली, ते मला ठाऊक नाही. कदाचित दुधानं वाचली असतील, कदाचित कुणीतरी दारात रोज येतंय एवढ्यानंही वाचली असतील. पण वाचली.

रवळूच्या वाट्याला मात्र आधीचे बरेच दिवस तिसरा हिस्साच आला होता. त्याच्यात उठायचं बळच राहिलं नव्हतं. मणी त्याला फार आवडला. तो गालात धरायचा, आई गिळेल म्हणून काढून घ्यायची, मग मुठीत धरायचा. एका दुपारी तो मणी त्याच्या मुठीतून सुटला आणि घरंगळत परशरामच्या उशाजवळच्या मण्याला येऊन लागला. मालुबाईनं उचलून परत रवळूच्या मुठीत ठेवला. मूठ मिटली नाही. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा सुटला. ती कितीतरी वेळ तेच करत राहिली, शेवटी शेजारच्या बायकांनी तिचा हात धरला.

ताप ओसरला तसे मणी यायला लागले. बायका एकेक करून यायच्या, बाईंच्या हातात मणी द्यायच्या आणि हलक्या पावलांनी परत जायच्या. मालुबाईही आली. तिनं दोन मणी ठेवले. तिसरा तिच्या पदराच्या गाठीत होता, गाठ समोर दिसत होती. नागुबाईंनी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

ती गेल्यावर बाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “ताप उतरला की आणून द्या, म्हणाले मी. ज्यांचा उतरणार नाही त्यांनी काय करायचं, ते मी सांगितलंच नाही गं.”

म्हणून ज्यांची पोरं गेली त्या बायकांनी मणी ठेवून घेतले. किती बायकांनी, ते मला विचारू नका. मला माहीत आहे. शंभरातून आलेले वजा केले की उत्तर येतं, ते बिगरीतलं पोरही काढेल. पण मी काढणार नाही. ज्या बायकांना मी हसले होते त्यांच्यासारखीच मीही झाले आहे. आहे ते आहे. आकडा नको.

आलेले मणी बाईंनी पुन्हा तारांत ओवले. ज्या तारेवर कमी पडले त्या तारेवर तेवढी जागा मोकळी ठेवली. पुढच्या वर्षी डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“ही चौकट अपुरी आहे. मणी भरून घ्या.”

“यायचे आहेत, साहेब,” नागुबाई म्हणाल्या.

“कुठून यायचे आहेत?”

“गावातूनच.”

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हजेरीपट उघडला. मणी भरले गेले नाहीत. त्या अपुऱ्या तारांवर बाईंनी किती बिगऱ्या शिकवल्या! नवी पोरं विचारायची, “बाई, हितं कमी का?” बाई सांगायच्या, “काही मणी घरी आहेत.” पोरांना ते पटायचं. त्यांच्याही घरी कुणी ना कुणी असायचंच.

मालुबाई रोज खिडकीवरून जायची. डोक्यावर तंबाखूचा भारा असला तरी क्षणभर थांबायची आणि वरच्या तांबड्या तारेकडं बघायची. मोकळी जागा अजून आहे ना, एवढंच बघून पुढं जायची. दुसऱ्याही काही बायका तसं करायच्या. एकमेकींशी त्या यावर कधी बोलल्या नाहीत. पण प्रत्येकीला माझ्या तारांवर आपली जागाही दिसायची आणि दुसरीचीही. आपल्यासारखी आणखी कुणीतरी आहे, एवढा आधार मी त्यांना देत होते. माझ्या आयुष्यात मी केलेलं चांगलं काम म्हणाल तर तेवढंच. ते पूर्ण शंभर असताना जमलं नव्हतं.

मग नागुबाई थकल्या, माहेरी भावाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. गाव सोडताना मागून आलेल्या मास्तराला त्यांनी बजावलं होतं, की हिचे मणी भरू नका. त्यानं ऐकलं. त्याच्या मागून आलेल्यानं मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि सांगणारं कुणी उरलं नाही. माळ्यावर उंदीर होते, पालीची अंडी होती, वरून कौलातलं पाणी ठिबकायचं. खालून पोरांचे पाढे ऐकू यायचे. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. त्या बायकाही एकेक करून गेल्या, गाठीसकट गेल्या. चितेचा धूर देवळामागून कौलांतून आत यायचा तेव्हा मला कळायचं.

यंदा उपेंद्र मास्तर आले. बेळगावच्या टिळकवाडीचा तरुण मुलगा, चष्मेवाला, उत्साही. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. त्यानं मला माळ्यावरून काढलं, धूळ पुसली, गंज घासला, आणि “अरेरे, केवढी छान वस्तू!” म्हणाला. मला भरून आलं. मग तो बेळगावला जाऊन नवे मणी घेऊन आला. मी जीव तोडून ‘नको’ म्हणत होते. त्यानं मोकळ्या जागा भरल्या. मग सगळ्यांना रंग दिला. वरच्या तारा केशरी, मधल्या पांढऱ्या, खालच्या हिरव्या. देश स्वतंत्र होतोय, वर्गही सजला पाहिजे, म्हणाला. जुना मणी कुठला आणि नवा कुठला, ते माझं मला कळतं, दुसऱ्या कुणालाच कळत नाही.

आज सकाळी झेंडा लागला. आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, पोरांनी घसा फोडून घोषणा दिल्या. मलाही आनंद झाला, का होऊ नये? मास्तरांनी मला दाराजवळच्या खिळ्यावर टांगलं आणि पोरांना म्हणाले, “बघा, पूर्ण शंभर!” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मालुबाई दारात आली. हातात गाठोडं.

“मास्तर, हाईसा का?”

“या आजी, बसा.”

“बसत न्हाय. मोटार धरायची हाय. लेकीकडं चाललोय, लोंढ्याला. परशराम गेला, आता हितं कोन न्हाय. माघारी येनं होत न्हाय.” ती पदराची गाठ सोडायला लागली. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. “शाळेची वस्तू ऱ्हायलीय माझ्याकडं. मनी हाय. ह्यो लोंढ्याला कशाला? त्याचं गाव ह्येच. त्याच्या सोबतीची पोरं हितलीच. हितंच असू द्या, सगळ्यांत.”

तांबडा मणी. एका बाजूची लाख उडालेली, आणि दातांच्या खुणा तशाच. माझ्या सगळ्या तारा ताठ झाल्या. कितीतरी वर्षं मी या मण्याची वाट बघत होते, आणि तो माझ्यासमोर हातभर अंतरावर होता.

उपेंद्र मास्तरांनी तो प्रेमानं हातात घेतला. माझ्याकडं बघितलं. “पण आजी, इथं काहीच कमी नाही. हे बघा, सगळे मणी आहेत. जागाच नाही आता. तुमच्याकडंच ठेवा, लोंढ्याला नातवंडांना खेळायला होईल.”

“कमी न्हाय?”

“एकही नाही.”

ती माझ्याजवळ आली. डोळ्यांनी फारसं दिसत नसावं, कारण तिनं बोट लावून वरची तार चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मण्याला मणी लागून होता. मधे कुठं बोट जाईना.

“सगळे आले व्हय?”

“सगळे आले, आजी,” मास्तर हसून म्हणाले. ते मण्यांविषयी बोलत होते.

मालुबाईनं तारेवरचं बोट काढलं. मग तिनं मणी परत घेतला आणि पदराला पुन्हा गाठ मारली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “कवा आले कुनास ठावं. म्हंजी सगळ्यांची पोरं बरी झाली म्हनायची. माझाच तेवढा ऱ्हायला.”

कुणाकुणाची पोरं गेली ते तिच्या म्हाताऱ्या डोक्यात आता पुसट झालं होतं. बाहेर पोरं पेढ्यांसाठी गलका करत होती. मास्तरांना ते शेवटचं वाक्य ऐकू गेलं नाही. ती पायरी उतरून गेली.

खोटं आहे हो ते! मालुबाई, राहिलेल्यांतला एकही मणी आलेला नाही. ज्यांची गेली त्यांची गेलीच, आणि त्या सगळ्या तुझ्यासारख्याच गाठ मारून बसल्या होत्या. तू एकटी नव्हतीस. मी आयुष्यात कधी चुकीचा आकडा दाखवला नाही, आणि आज दाखवला तो नेमका तुला. तूच एक मणी परत आणलास, आणि तुलाच जागा नाही.

ती अजून दिसते आहे. ओढ्यापाशी पोचली आहे, सावकाश चालते. तुम्ही जे कुणी ऐकत असाल, तुमच्यानं धावणं होत नसेल तर एवढं तरी करा. हात वर करा आणि मला या खिळ्यावरून खाली पाडा. चौकट फुटू दे, तारा तुटू देत, हे रंगवलेले मणी अंगणभर उधळू देत. आवाज मोठा होईल. ती वळून बघेल.